ऐकणाऱ्याचा संयम

‘ज्याचे जळते त्याला कळते’ आणि ‘परदुःख शीतळ’ या दोन म्हणी मराठीत शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. पहिली दुःख भोगणाऱ्याच्या बाजूने बोलते, दुसरी ते पाहणाऱ्याच्या. दोहोंचा निष्कर्ष मात्र एकच आहे. दुःख हे ज्याचे त्याला भोगावे लागते आणि दुसऱ्याला त्याची धग पोहोचत नाही, असे लोकानुभव सांगतो. हा अनुभव सर्वांशाने खरा मानला तर मानसोपचारकाचा व्यवसाय मुळातच अशक्य ठरतो. अपरिचित माणसाचे दुःख ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत, मोबदला घेऊन ऐकणे आणि त्या ऐकण्यातून दुःखिताला काही उपयोग होईल अशी अपेक्षा बाळगणे, हे या दोन्ही म्हणींना दिलेले आव्हानच होय. गेली शंभराहून अधिक वर्षे हे आव्हान जगाच्या अनेक भागांत स्वीकारले गेले आहे. तेव्हा दुसऱ्याचे अंतरंग ऐकण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा उरत नाही. तो नीतीचा होतो.

जुन्या समाजात दुःख ऐकणारे होतेच. माहेरी आलेल्या लेकीची आई होती, जिवाभावाची मैत्रीण होती, वाड्यातील वडीलधारे होते, गुरू होता, ग्रामदैवत होते. यांपैकी कोणीच नसेल तेव्हा पहाटेचे जाते होते. ओवी गाणारी स्त्री आपले गाऱ्हाणे त्या दगडाच्या स्वाधीन करीत असे. या साऱ्या श्रोत्यांमध्ये एक गोष्ट समान होती. ते सांगणाऱ्याच्या ओळखीचे होते. आईचे आयुष्य लेकीला ठाऊक होते, गुरूचे वर्तन शिष्याच्या डोळ्यांपुढे होते, आणि जात्याला तर लपविण्यासारखे काहीच नव्हते. आधुनिक मानसोपचारकाचे तसे नाही. त्याच्यासमोर बसलेला माणूस आपले बालपण, आपली लज्जा, आपले अपराध उघडे करतो. उपचारक स्वतःविषयी फारसे बोलत नाही. एकाने सर्व सांगावे आणि दुसऱ्याने काहीच सांगू नये, ही विषमता या नात्याच्या पायातच आहे. भिंतीवर टांगलेली पदवी त्या विषमतेचे समर्थन करण्यास पुरेशी नाही. पदवीवरून त्याने काय वाचले ते कळते, तो कोण आहे ते कळत नाही.

या नात्यात समोर बसणाऱ्याला काय म्हणावे, याविषयी मराठी भाषा आजही चाचपडते. वैद्याचा तो रोगी असतो, वकिलाचा अशील, भिक्षुकाचा यजमान आणि दुकानदाराचे गिऱ्हाईक. यांतील प्रत्येक शब्द एक नाते ठरवून देतो. रोग्याने औषध मुकाट्याने घ्यावयाचे असते, अशिलाने वकिलावर भिस्त ठेवायची असते, यजमानाने दक्षिणा द्यायची आणि मंत्र न कळताही हात जोडायचे असतात. गिऱ्हाईक तेवढे भाव करू शकते आणि नको असेल तर दुकानाची पायरी उतरू शकते. अलीकडे ‘सल्लार्थी’ हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. पण त्यातही सल्ला देणारा उंचावर आणि मागणारा खाली, हा भाव उरतोच. शब्दाची ही अडचण वरवरची नाही. उपचारक समोरच्या माणसाला मनातल्या मनात कोणत्या नावाने हाक मारतो, यावर त्याची पद्धती अवलंबून असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी ‘रुग्ण’ या शब्दाऐवजी ‘क्लायंट’ हा शब्द हेतुपूर्वक स्वीकारला. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समुपदेशनविषयक ग्रंथात हा बदल ठळकपणे दिसतो आणि १९५१ च्या ग्रंथाचे तर नावच त्या शब्दावर आधारलेले आहे. मदतीसाठी आलेला माणूस आजारी म्हणून हीन ठरत नाही, आपल्या आयुष्याची जबाबदारी त्याने सोडून दिलेली नसते, असे त्यांना सुचवावयाचे होते. ही धारणा त्यांच्याकडे कोठून आली, हे पाहू गेल्यास उपचारकाचे पूर्वायुष्य आणि त्याची पद्धती यांचा संबंध किती खोल असतो ते स्पष्ट होते.

रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. सहा भावंडांतील ते चौथे. घर सुखवस्तू, प्रेमळ आणि धर्मनिष्ठेच्या बाबतीत अत्यंत कडक. मद्य, पत्ते, नृत्य, नाटक यांना तेथे मज्जाव होता. मुले किशोरवयात येत असताना शहरातील मोहांपासून त्यांना दूर ठेवावे, या हेतूनेही आईवडिलांनी कुटुंब शेतावर हलविले. तेथे या एकलकोंड्या मुलाने पतंगांच्या जाती जोपासल्या आणि जनावरांच्या खाद्याविषयीचा जाडजूड शास्त्रीय ग्रंथ वाचून काढला. विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रवेश घेतला तोही शेतकीच्या शिक्षणासाठीच. पुढे धर्मोपदेशक होण्याचा विचार बळावला. १९२२ साली एका ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेच्या निमित्ताने ते चीनला गेले आणि सहा महिन्यांहून अधिक काळ घरापासून दूर राहिले. प्रामाणिक माणसे परस्परांहून अगदी भिन्न श्रद्धा बाळगू शकतात, हे तेथे त्यांना उमगले. घरच्या धर्मकल्पनांपासून ते त्या प्रवासात मोकळे झाले. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षे काढल्यानंतर, विशिष्ट मतावर श्रद्धा ठेवणे ज्या व्यवसायात बंधनकारक असते तो आपला नव्हे, अशी त्यांची खात्री झाली. समोरच कोलंबिया विद्यापीठाचे टीचर्स कॉलेज होते. रस्ता ओलांडून ते मानसशास्त्राकडे गेले.

या पूर्वायुष्यातील दोन धागे त्यांच्या पद्धतीत थेट उतरलेले आहेत. पहिला धागा शेताचा. उतारवयात त्यांनी बालपणीच्या घरातील तळघराची आठवण लिहून ठेवली आहे. हिवाळ्यासाठी साठविलेल्या बटाट्यांना त्या अंधारात फिकट, दुबळे कोंब फुटत आणि ते दूरवरच्या लहानशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे वाढत जात. सरकारी मनोरुग्णालयांच्या मागच्या दालनांत पडून राहिलेली माणसे पाहताना त्यांना हे कोंब आठवत. बीज योग्य परिस्थितीत आपोआप वाढते, शेतकऱ्याने ते ओढून मोठे करावयाचे नसते. हा शेतकीतला धडा त्यांनी माणसाला लागू केला. दुसरा धागा घरातील प्रेमाचा. ते प्रेम खरे होते, पण अटींनी बांधलेले होते. वर्तन योग्य असेल तरच स्वीकार, असा त्याचा अलिखित नियम होता. १९५७ साली एका निबंधात रॉजर्स यांनी उपचारासाठी आवश्यक आणि पुरेशा अटी मांडल्या. उपचारकाची अंतर्बाह्य एकरूपता, समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार आणि तिच्या अनुभवविश्वात शिरण्याची समानुभूती या तीन गोष्टी त्यांच्या केंद्रस्थानी होत्या. त्यांतील दुसरी अट म्हणजे बालपणी जे उणे वाटले त्याचीच भरपाई होय, असे म्हणावयास जागा आहे.

परंतु ही पद्धती केवळ बालपणातून उगवली नाही. एका अपयशातूनही ती घडली. १९२८ पासून सुमारे बारा वर्षे रॉजर्स रॉचेस्टर येथे बालकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होते. तेथील एक अनुभव त्यांनी स्वतःच नमूद केला आहे. एका हूड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. आईने मुलाला लहानपणी मनोमन नाकारले होते, हे त्या अडचणीचे मूळ त्यांना दिसत होते, आणि ते तिच्या गळी उतरविण्याचा त्यांनी अनेक बैठकांत सौम्यपणे प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. अखेर दोघांनीही हार मानली आणि बाई निघाली. दारापाशी थबकून तिने विचारले, की येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो का? होकार मिळताच ती परत येऊन बसली आणि आपल्या विस्कटलेल्या संसाराची कथा सांगू लागली. ती कथा निदानासाठी आधी भरून दिलेल्या माहितीहून सर्वस्वी वेगळी होती. खरा उपचार तेथून सुरू झाला. कोठे दुखते हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, हा बोध रॉजर्स यांनी त्यातून घेतला. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण त्यांना अपरिचित होती. पण तिचा एक नवा अर्थ त्यांच्या हाती लागला. ज्याला कळते त्यालाच बोलू द्यावे, हा तो अर्थ.

रॉजर्स यांच्या आणखी दोन कृतींची नोंद या संदर्भात आवश्यक आहे. १९४२ च्या ग्रंथात त्यांनी एका संपूर्ण उपचारक्रमातील संभाषण ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापले. तोवर बंद दाराआड काय घडते, ते उपचारकाच्या स्मरणावरून आणि त्याच्या सोयीने जगाला कळत असे. या छपाईने उपचारकाचा प्रत्येक शब्द परीक्षणासाठी खुला झाला. दुसरी कृती याहून अवघड होती. शिकागो विद्यापीठात असताना, १९५० च्या सुमारास, एका अत्यंत व्यथित स्त्रीवर उपचार करताना त्यांची स्वतःची घडी विस्कटली. तिच्यापासून स्वतःला वेगळे राखणे त्यांना जमेना. काम दुसऱ्या चिकित्सकाच्या हाती सोपवून ते पत्नीसह काही महिने शहर सोडून गेले आणि परतल्यावर त्यांनी आपल्याच वर्तुळातील एका सहकाऱ्याकडे उपचार घेतले. प्रसिद्धीच्या शिखराकडे निघालेल्या तज्ज्ञाने आपल्याहून तरुण सहकाऱ्यासमोर सल्लार्थी म्हणून बसावे आणि पुढे आत्मकथनात ते लिहावे, ही घटना मानसोपचाराच्या इतिहासात विरळा म्हणावी लागेल.

या भूमिकेवरील सर्वांत मर्मग्राही आक्षेप एका तत्त्वज्ञाकडून आला. १८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठात मार्टिन बूबर आणि रॉजर्स यांचा जाहीर संवाद झाला. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या नात्याचे तत्त्वज्ञान मांडणारे बूबर आपल्याला दुजोरा देतील, अशी अपेक्षा रॉजर्स यांना असणे स्वाभाविक होते. उपचाराच्या उत्कट क्षणी दोन माणसे समान पातळीवर भेटतात, असे त्यांनी मांडले. बूबर यांनी ते मान्य केले नाही. तो माणूस मदतीसाठी तुमच्याकडे आला आहे, तुम्ही त्याच्याकडे गेलेला नाही. तुम्ही परिस्थिती दोन्ही बाजूंनी पाहू शकता, तो तसे पाहू शकत नाही. आणि ही विषमता तुमच्या सदिच्छेने नाहीशी होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सल्लार्थी स्वतःकडे ज्या दृष्टीने पाहतो ती दृष्टी आपल्या दृष्टीइतकीच प्रमाण आहे, असे रॉजर्स यांचे उत्तर होते. बूबर यांना स्वीकारापलीकडचेही काही हवे होते. माणूस आज जसा आहे तसा स्वीकारणे ही सुरुवात. पुढे त्याच्या ठायी जे होण्याची शक्यता आहे तिला दुजोरा देणे, आणि प्रसंगी त्यासाठी त्याच्याशीच झगडणे, हे त्यांना नात्याचे कर्तव्य वाटत होते.

या संवादात कोण जिंकले हा प्रश्न गौण आहे. बूबर यांनी वस्तुस्थिती सांगितली आणि रॉजर्स यांनी कर्तव्य सांगितले, असे त्याचे तात्पर्य काढता येईल. विषमता आहेच, तरीही उपचारकाने ती आपल्या फायद्यासाठी वापरू नये. मात्र समानतेच्या भाषेत विषमता झाकली जाण्याचा धोका बूबर यांनी दाखविला, तो खराच आहे. लहानपणी उपदेशाने गुदमरलेला माणूस मोठेपणी उपदेश न करण्याचे शास्त्र रचतो, आणि ज्याला उपदेशाची खरोखर गरज आहे अशा माणसासमोरही गप्प राहतो. भारतातील उपचारकासमोर पुष्कळदा आईवडिलांनी किंवा नवऱ्याने हात धरून आणलेली व्यक्ती बसते आणि विचारते, ‘सांगा, आता मी काय करू?’ या प्रश्नाला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे प्रत्युत्तर मिळाले तर ते तिला औदार्य वाटेलच असे नाही. ते दार बंद झाल्यासारखेही वाटू शकेल. एका घरातील जाच दूर करण्यासाठी घडविलेले साधन दुसऱ्या घरात जाचाचे कारण होऊ शकते.

भारतात हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो कलकत्त्यात. गिरींद्रशेखर बसू (१८८७–१९५३) हे दरभंगा संस्थानच्या दिवाणांचे पुत्र. १९१० साली ते वैद्यकाचे पदवीधर झाले, पुढे मानसशास्त्राकडे वळले, आणि १९२१ साली दमन या संकल्पनेवरील प्रबंधासाठी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यांनी प्रबंध व्हिएन्नाला फ्रॉइड यांच्याकडे पाठविला आणि त्यातून सुरू झालेला पत्रव्यवहार पुढे बरीच वर्षे चालला. १९२२ साली पारशीबागान गल्लीतील त्यांच्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण परिषदेची स्थापना झाली. उपचारकाने दुसऱ्याचे मन उकलण्यापूर्वी आपले मन दुसऱ्याकडून उकलून घ्यावे, असा दंडक या शास्त्राने त्याच काळात घालून दिला होता. बसूंचे विश्लेषण मात्र कोणीच केले नव्हते. कलकत्त्यात ते करू शकेल असा दुसरा माणूसच नव्हता. ग्रंथ, संमोहनाचा जुना व्यासंग आणि आत्मपरीक्षण एवढ्या सामग्रीवर ते उभे राहिले. आद्य पुरुषाला गुरू नसतो, ही अडचण खुद्द फ्रॉइड यांचीही होती.

या मैत्रीतील एक लहानशी घटना उपचारकाच्या नीतीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. बसूंचे चित्रकार मित्र जतींद्रकुमार सेन यांनी फ्रॉइड यांना, त्यांच्या छायाचित्रालाही, कधी पाहिले नव्हते. केवळ कल्पनेने त्यांनी फ्रॉइड यांचे एक व्यक्तिचित्र काढले आणि ते व्हिएन्नाला रवाना झाले. फ्रॉइड यांना ते आवडले. मात्र त्यात आपण अगदी इंग्रज दिसतो, असे त्यांनी एका स्नेह्यांना गमतीने कळविले. वसाहतीत वाढलेल्या चित्रकाराला युरोपीय चेहरा म्हणजे इंग्रज चेहरा, हे ओघानेच आले. चित्रात प्रेम होते, आदर होता, कौशल्य होते. नव्हता तो फक्त फ्रॉइड. उपचारकाच्या हातून नेमके हेच घडू शकते. समोरचा माणूस बोलू लागण्यापूर्वीच आपल्या परिचयातील चेहऱ्यांवरून तो त्याचे चित्र रेखाटू लागतो, आणि ते चित्र जितके सुबक तितका खरा चेहरा दिसणे अवघड होते.

बसूंची स्वतःची पद्धती फ्रॉइड यांच्याहून वेगळी होती आणि तिच्यावर त्यांच्या भूमीची छाप होती. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिच्या विरुद्ध इच्छा दडलेली असते, असा त्यांचा सिद्धांत होता. मारण्याच्या इच्छेमागे मार खाण्याची इच्छा असते. म्हणून समोरच्याला दोन्ही भूमिकांत आलटून पालटून कल्पनेने शिरावयास लावावे, म्हणजे दमन सैल होते, असे ते मानीत. यात उपचारक अलिप्त श्रोता राहत नाही. तो मार्ग दाखवितो, करवून घेतो, काहीसा गुरूसारखा वागतो. फ्रॉइड यांनी या विचाराची दखल घेतली, पण तो सर्वस्वी स्वीकारला नाही. गीता आणि पुराणे यांवर बंगालीत लिहिणाऱ्या बसूंना ही मार्गदर्शकाची भूमिका परकी वाटली नसावी. ज्या समाजात ज्ञान गुरूमुखातून येते, तेथे मौन पाळणारा ज्ञाता लोकांना अपुरा वाटतो.

गिरींद्रशेखरांचे थोरले बंधू म्हणजे ‘परशुराम’ या नावाने लिहिणारे विख्यात विनोदकार राजशेखर बसू. १९२४ च्या ‘गड्डलिका’ या संग्रहातील त्यांच्या ‘चिकित्सा-संकट’ या कथेत ट्रामवरून उतरताना पडलेला एक सुखवस्तू गृहस्थ मित्रांच्या आग्रहाखातर डॉक्टर, होमिओपॅथ, कविराज आणि हकीम यांच्याकडे फिरतो. प्रत्येक जण त्याच्या ठायी वेगळाच रोग पाहतो, कारण प्रत्येक जण आपापले शास्त्र पाहत असतो. ज्या कुटुंबातील एक भाऊ मनाचा चिकित्सक झाला त्याच कुटुंबातील दुसऱ्याने चिकित्सकांच्या आत्मविश्वासाची अशी खिल्ली उडवावी, यात बंगाली संस्कृतीचे प्रौढत्व दिसते. त्याहून महत्त्वाचे असे, की उपचारशास्त्राला विनोदाची ही सोबत हवीच असते.

गुरूचा आदर्श उपचारासाठी वापरता येईल काय, हा प्रश्न अधिक व्यवस्थितपणे मांडला तो जसवंतसिंग नेकी (१९२५–२०१५) यांनी. ते मनोविकारतज्ज्ञ होते आणि पंजाबीतील श्रेष्ठ कवीही. १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांना लाभला होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी गुरु-चेला संबंधाकडे उपचाराचा एक संभाव्य नमुना म्हणून पाहिले. परावलंबन हा पाश्चात्त्य मानसशास्त्राला दोष वाटतो, भारतीय कुटुंबात मात्र परस्परांवर विसंबणे हीच नात्याची रीत आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तेव्हा दुरून, तटस्थपणे बोलणारा उपचारक येथल्या माणसाला परका वाटणारच. नेकींचे हे निरीक्षण अचूक आहे. मात्र गुरूपदाच्या अधिकाराबरोबर त्याचा धोकाही आत येतो. शरणागती मागणाऱ्या पुरुषांनी भक्तांची केलेली फसवणूक ही गोष्ट या देशाला नवी नाही. गुरू कोण आणि भोंदू कोण, हे शिष्याला बहुधा उशिरा कळते.

परंपरेने या धोक्याचा विचार केला नव्हता, असे मात्र नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात, सारा उपदेश संपल्यावर, श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की यावर संपूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर. त्यानंतर तिसऱ्याच श्लोकात तो सर्व सोडून आपल्याला शरण येण्यास सांगतो. भाविकांनी आणि भाष्यकारांनी दुसऱ्या वचनाला अधिक महत्त्व दिले. परंतु क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. स्वातंत्र्य आधी दिले आहे. शरण येण्याचे आवाहन त्यानंतरचे आहे. ज्याला नाकारण्याची मोकळीक नाही त्याच्या शरणागतीला मूल्य नाही. उपचारक उपदेश करतो की मौन पाळतो, गुरूसारखा वागतो की सोबत्यासारखा, यावरून त्याच्या पद्धतीची नैतिक योग्यता ठरत नाही. समोरच्याने ‘नाही’ म्हटले तर त्याचे काय होते, यावरून ती ठरते. रॉचेस्टरची ती आई उठून निघाली तेव्हा रॉजर्स यांनी तिला अडविले नाही आणि तिच्या नकाराला तिच्या विकाराचे लक्षणही ठरविले नाही. त्यामुळेच ती दारातून परत फिरू शकली.

येथे एक शंका उद्भवते. उपचारकाचे पूर्वायुष्य जर समोरच्याचे चित्र असे बिघडविते, तर ज्याला पूर्वायुष्यच नाही असा श्रोता अधिक चांगला नाही का? ही शंका आज काल्पनिक राहिलेली नाही. १९६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याचा सर्वांत गाजलेला नमुना रॉजर्सपंथी उपचारकाची नक्कल करीत असे. वापरणाऱ्याने टंकलिखित केलेले वाक्य थोडे फिरवून तो प्रश्नरूपाने परत करी. कारण जगाविषयी काहीही ठाऊक नसताना जे संभाषण चालू ठेवता येते ते हेच, असे त्याच्या कर्त्याला वाटले होते. पुढे घडले ते त्याने अपेक्षिले नव्हते. हे यंत्र कसे चालते याची कल्पना असलेली त्याची स्वतःची सचिवही यंत्राशी बोलू लागल्यावर काही वेळातच त्याला खोलीबाहेर जाण्याची विनंती करती झाली. नाझी राजवटीत, १९३६ साली, कुटुंबासह जर्मनी सोडावी लागलेल्या वायझेनबाउम यांनी पुढे १९७६ च्या ग्रंथात, काही कामे यंत्राकडून करवून घेता आली तरी ती यंत्राकडे सोपवू नयेत, असा आग्रह धरला. आज याहून कितीतरी वाक्पटू यंत्रे लोकांच्या खिशात आहेत आणि रात्री-अपरात्री अनेक जण त्यांना आपले दुःख सांगतात. जात्याजवळ गाऱ्हाणे सांगणाऱ्या स्त्रीला हसण्याचा अधिकार जसा कोणाला नव्हता, तसा यांनाही हसण्याचा नाही. ऐकणारे माणूस मिळत नाही, हे त्या कृतीमागचे सत्य आहे. जाते तरी आपल्याला समजले आहे असा आभास निर्माण करीत नसे.

या यंत्राच्या उदाहरणाने मूळ प्रश्नावर प्रकाश पडतो. ‘एलायझा’ने कोणावर आपली मते लादली नाहीत, कोणाचा न्याय केला नाही, कोणाचे गुपित आपल्या दुःखाशी ताडून पाहिले नाही. तरीही तिला संयमी म्हणता येत नाही, कारण आवरण्यासारखे तिच्यापाशी काही नव्हतेच. ज्याला भूकच नाही त्याचे न खाणे उपवास ठरत नाही. ऐकताना जुनी जखम हलणे, उपदेश ओठांवर येणे, समोरच्या स्त्रीत आपली आई किंवा समोरच्या मुलात आपले बालपण दिसणे, आणि हे सारे ओळखून ते बाजूला धरणे, ही मानवी श्रोत्याची कृती आहे. ती दर क्षणी नव्याने करावी लागते. उपचारकाचे पूर्वायुष्य त्याला दोन परींनी उपयोगी पडते. त्यामुळे त्याला परदुःखाची धग कळते. आणि ती धग आपली नव्हे, हे स्वतःला बजावण्याची गरजही त्यामुळेच उत्पन्न होते. ‘मीही यातून गेलो आहे’ असे म्हणणारा पुष्कळदा समोरच्याच्या वाटेवर आपली वाट पसरतो. दुःख भोगलेले असणे पुरेसे नाही. त्या दुःखाला दुसऱ्याच्या वेळेत बोलू न देणे, हा त्या व्यवसायाचा धर्म आहे. ज्याने रॉजर्स यांच्याप्रमाणे स्वतः कधीतरी त्या दुसऱ्या खुर्चीत बसून पाहिले आहे, त्याला हा धर्म पाळणे थोडे सोपे जात असावे.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आणि उपचाराला सुजाण संमतीचा आधार दिला. त्यांचे अपवादही त्या कायद्यात नमूद आहेत. बंद खोलीतील नात्यात राज्यसंस्थेने एवढे तरी संरक्षण घालावे, हे योग्यच झाले. परंतु कायदा फार तर तोंड बंद ठेवावयास लावू शकतो. कान कसे उघडे ठेवावेत, हे तो शिकवू शकत नाही. तास संपतो, सल्लार्थी उठून जातो, आणि बरा झाल्यावर तर तो बहुधा पुन्हा येतही नाही. त्याने यावे अशी अपेक्षाही धरावयाची नसते. मागे राहतो तो ऐकणारा, आणि त्याने जे ऐकले ते. ते कोणाला सांगावयाचे नाही, त्यातून स्वतःचे मोठेपण उभारावयाचे नाही, पुढच्या माणसाच्या तोंडावर ते पाहावयाचे नाही. मराठीत याला ‘पोटात ठेवणे’ म्हणतात. आई, मैत्रीण आणि जाते यांनी हे काम वेतनाशिवाय केले. ज्याने ते व्यवसाय म्हणून पत्करले, त्याच्याकडून त्याहून कमी मागता येणार नाही.